रीळ किती वेळ फिरतं, ते मोजू नका

मासेमारीच्या रिळाच्या ड्रमला, म्हणजे दोरी गुंडाळायच्या चाकाला, टिचकी मारायची आणि घड्याळ लावून तो किती वेळ फिरतो ते बघायचं. सेंटरपिन या साध्या, बिनगिअरच्या रिळाचे असे व्हिडिओ भरपूर दिसतात. त्यामुळे नदीत फ्लोट (खाली आमिष टांगलेलं तरंगतं बोंड) सोडायला नव्याने शिकणाऱ्याला वाटतं, जास्त वेळ फिरेल ते रीळ उत्तम. ही समजूत चुकीची आहे. ती खोडायची तर आधी नदीकडे बघावं लागेल.

वाहत्या पाण्याचा वेग सगळ्या खोलीवर सारखा नसतो. तळाला चिकटलेला थर जवळजवळ थांबलेला असतो आणि वर येऊ तसा वेग वाढतो. दीड मीटर खोल, सपाट तळाच्या प्रवाहात पृष्ठभागावर सेकंदाला 1 मीटर वेग असेल, तर तळापासून 15 सेंटिमीटरवर तो ढोबळमानाने 72 सेंटिमीटर भरतो. मासे बहुतेक वेळा तळाजवळ असतात, फ्लोट मात्र वरच्या वेगाने पळतो आणि आमिषाला ओढत नेतो. आजूबाजूचा पालापाचोळा सावकाश वाहत असताना एकच कण घाईने पुढे जातो, आणि माशाला ते खटकतं. म्हणून फ्लोट किंचित मागे रोखून धरायचा. ट्रॉटिंगचं, म्हणजे प्रवाहाबरोबर फ्लोट वाहत सोडून मासे धरण्याचं, सगळं कसब एवढ्यात आहे.

सेंटरपिनमध्ये गिअर नसतो. मधोमध एक पिन आणि तिच्यावर मोकळा फिरणारा ड्रम. साडेचार इंची ड्रमच्या एका फेऱ्यात सुमारे 36 सेंटिमीटर दोरी सुटते. आता माझ्या आवडीचा हिशोब. ड्रमचं वजन 150 ग्रॅम, पिनची जाडी 6 मिलिमीटर आणि तेल लावलेल्या धातूचा घर्षणांक 0.15 धरू. पिनेवरचं घर्षण झालं साधारण 22 ग्रॅम वजनाएवढं. पण हे घर्षण केंद्रापासून 3 मिलिमीटरवर अडवतं आणि दोरी 57 मिलिमीटरवरून ओढते. तरफ 19 पटींची! म्हणजे दोरीला जाणवणारा अडथळा उरतो जेमतेम 1.2 ग्रॅम.

1 सेंटिमीटर जाड आणि 8 सेंटिमीटर बुडालेल्या फ्लोटवर पाण्याचा एवढा रेटा यायला फ्लोट पाण्यापेक्षा सेकंदाला सुमारे 17 सेंटिमीटर मागे पडावा लागतो. दोरीवरचा आणि आमिष खाली नेणाऱ्या शिशाच्या गोळ्यांवरचा रेटा मी सोडून दिला आहे. तरी गंमत बघा, साध्या पिनेचं रीळ आपण होऊनच फ्लोटला थोडं रोखतं. तळाच्या वेगाशी जुळायला 28 सेंटिमीटर मागे पडायला हवं, आणि त्यासाठी लागतात सुमारे 3.2 ग्रॅम. उरलेले 2 ग्रॅम अंगठ्याचे. ड्रमच्या कडेवर अंगठ्याची कातडी नुसती टेकवली की काम होतं. बॉल बेअरिंगचं रीळही चालतं, फक्त तिथे जवळजवळ सगळं रोखणं अंगठ्यालाच करावं लागतं.

मग फिरण्याचा वेळ काय सांगतो? ड्रमचं जडत्व आणि घर्षण यांचं गुणोत्तर, बस्स. त्याच बेअरिंगवर जड कडेचा ड्रम बसवला तर तो जास्त वेळ फिरेल. पण प्रवाह मंदावून फ्लोट थबकला तरी ड्रम फिरतच राहील, दोरी सैल पडून वेटोळी होतील आणि पाहता पाहता गुंता. इंग्लंडमध्ये ट्रेंट नदीकाठच्या नॉटिंगहॅममध्ये लाकडी सेंटरपिन नावारूपाला आलं. तिथल्याच हेन्री कॉक्सन यांनी पुढे तारेच्या आऱ्यांचं ‘एरिअल’ रीळ आखलं. ड्रम हलका करण्यामागचं भौतिकशास्त्र हेच.

रीळ पारखायचं तर दोरीला शिशाची छोटी गोळी बांधून लोंबकळू द्या आणि ड्रम आपण होऊन हलतो का ते पाहा. गोळी जितकी लहान, तितकी सुरुवात हलकी. थंडीत ड्रम अडखळला तर ग्रीस पुसून पातळ तेलाचा एकच थेंब द्या.

सुरुवातीला लांब फेकायच्या फंदात पडू नका. वारा पाठीवर घ्या, एकसारखा वाहणारा पट्टा निवडा आणि रॉडच्या कड्यांमधून दोरीचे दोन-तीन फास हाताने ओढून घेऊन फ्लोट खालून झुलवत सोडा. दोरी बारीक आणि पाण्यावर तरंगणारी हवी. ड्रमवर ती खच्चून भरू नका, नाहीतर वरचे वेढे खालच्यांत रुततात. फ्लोट बुडाला की अंगठा कडेवर घट्ट दाबा आणि रॉड उचला.

फार जोरात रोखलं तर मात्र आमिष तळ सोडून वर येतं. हेही कधीकधी मुद्दाम करावं. फ्लोट खाली शेवटपर्यंत गेला की परत गुंडाळायच्या आधी अंगठ्याने ड्रम दोन-तीन सेकंद थांबवा. आमिष हळूच वर उचललं जातं, आणि मागून आलेला मासा कित्येकदा नेमका तेव्हाच घास घेतो.