‘हस्तक्षेप नको’ म्हणजे नेमके काय नको?

वन्यजीव चित्रीकरणाच्या नैतिकतेवर वाद सुरू झाला की ‘हस्तक्षेप नको’ हे शब्द लगेच पुढे येतात. जणू कॅमेरा जंगलात गेला तोच हा नियम सोबत घेऊन. प्रत्यक्षात तो गेला बंदुकीच्या मागोमाग. १९०९ मध्ये गाजलेला आफ्रिकेतील शिकारीचा एक मूकपट शिकागोतल्या स्टुडिओत घडवलेला होता. त्यातला सिंह मात्र खरा होता आणि तो खरोखरच मारला गेला.

लेमिंगचे प्रकरण याहून वाईट, कारण त्याला माहितीपट म्हटले गेले. १९५८ च्या एका अमेरिकी माहितीपटात हे उंदरासारखे प्राणी कड्यावरून झुंडीने ‘आत्महत्या’ करताना दिसतात. चित्रीकरण झाले कॅनडातील अल्बर्टा प्रांतात, जिथे ते आढळतही नाहीत. प्राणी विकत आणले, बर्फ पसरलेल्या फिरत्या तबकडीवर पळवले आणि कड्यावरून खाली लोटले. त्याला ऑस्कर मिळाले, आणि १९८२ मध्ये कॅनडाच्या दूरचित्रवाणीवर हा बनाव उघड झाला. लेमिंगची संख्या दर तीन-चार वर्षांनी भरमसाट वाढते, मग ते पांगतात, काही बुडतातही. पण आत्महत्येचा समज आजही टिकून आहे.

हा इतिहास समोर ठेवला की नियमाचा मूळ अर्थ कळतो: प्राण्याला ढकलू नका, कोंडू नका, आमिषाने खेचू नका. पुढे मात्र त्याच दोन शब्दांत ‘मदतही करू नका’ हा अर्थ मिसळला, आणि गुंता तिथे झाला.

२०१८ मध्ये प्रसारित झालेल्या एका मालिकेत तो सगळ्यांना दिसला. अंटार्क्टिकात वादळानंतर काही एम्परर पेंग्विन पिल्लांसह खोल घळीत अडकले. चढ इतका उभा की पायांवर पिल्लू घेऊन वर येणे जवळपास अशक्य. चित्रीकरण पथकाने बर्फात उथळ उतार खोदला आणि बाजूला झाले. कोणाला उचलले नाही, हाकलले नाही. काही पेंग्विन त्या वाटेने वर आले. टीकाकारांचे म्हणणे, मृत्यू हाही निसर्गाचाच भाग. आज पेंग्विन वाचवाल, उद्या हरणाला वाचवायला चित्त्याच्या आड याल का? मला ही तुलना पटत नाही. हरीण वाचवले तर चित्त्याची पिल्ले उपाशी राहतात. त्या घळीत कोणाच्या तोंडचा घास काढला गेला नव्हता. शिवाय पथकाने जे केले ते पडद्यावर दाखवले, आणि माझ्या लेखी त्याला फार मोल आहे.

कारण २०११ चा वाद नेमका न सांगण्यावरून झाला होता. एका वन्यजीव मालिकेतले ध्रुवीय अस्वलाच्या नवजात पिल्लांचे दृश्य प्राणिसंग्रहालयात चित्रित केले होते. निर्णय योग्यच होता. रानातल्या गुहेत कॅमेरा घुसवला असता तर पिल्लांच्या जिवावर बेतले असते. पण निवेदनात त्याचा उल्लेख नव्हता. खुलासा होता, पण तो संकेतस्थळावर.

ड्रोनने हस्तक्षेपाचा प्रश्न आणखी अवघड केला आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटातल्या काळ्या अस्वलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ड्रोन डोक्यावर आले तरी बहुतेक वेळा अस्वले जागची हलली नाहीत. मात्र शरीरात बसवलेल्या यंत्रांत हृदयाचे ठोके वाढल्याची नोंद झाली, एकदा तर मिनिटाला १२३ ने. म्हणजे प्राणी पळाला नाही, म्हणून त्याला त्रास झाला नाही, हे गृहीतच चुकीचे.

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये रशियातली एक ड्रोनफीत जगभर पसरली. बर्फाच्या उभ्या उतारावर अस्वलाचे पिल्लू पुन्हा पुन्हा घसरते आणि शेवटी आईपर्यंत पोहोचते. लोकांनी जिद्दीचा धडा म्हणून ती पाहिली. जीवशास्त्रज्ञांना दिसली ती ड्रोनला घाबरलेली अस्वले: मुळात त्या मायलेकरांनी इतकी धोक्याची वाट धरलीच का? एका क्षणी पिल्लू माथ्याशी पोहोचते, चित्र एकदम जवळ येते, आई पंजा मारते आणि पिल्लू थेट खाली घसरत जाते.