मंदविद्युत माशांचा नदीतील वर्तन-अभ्यास

शेपटीकडच्या विद्युत्-अवयवातून सतत सौम्य वीज सोडून अंधारात वाट, भक्ष्य आणि जोडीदार ओळखणाऱ्या गोड्या पाण्यातल्या माशांना मंदविद्युत मासे म्हणतात. दक्षिण व मध्य अमेरिकेतले नाइफफिश आणि आफ्रिकेतले मॉर्मिरिड हे त्यांचे दोन मोठे गट. ही वीज इतकी क्षीण असते की मासा हातात धरला तरी काही जाणवत नाही. विद्युत् ईलच्या शेकडो व्होल्टच्या झटक्याशी तिची गल्लत करू नये.

प्राणिशास्त्रज्ञ हान्स लिसमन यांनी १९५१ मध्ये आफ्रिकेतल्या जिम्नार्कस या माशाचे अखंड विद्युत्-संकेत नोंदवले. पुढे १९५८ मध्ये लिसमन आणि त्यांचे सहकारी मॅचिन यांनी दाखवून दिले, की बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन सच्छिद्र मडक्यांपैकी कोणत्यात नुसते पाणी आहे आणि कोणत्यात काचेची कांडी, हे त्या माशाला न बघता कळते. वस्तू वीज किती वाहू देते, त्यावरून त्वचेवरचे वीज जाणणारे ग्राहक तिचे जणू चित्र रेखाटतात.

नाशिकच्या गोदावरीत असे मासे नाहीत. पोटाखाली लांबलचक फितीसारखा पर असलेला चालट हा मासा नाइफफिशचा भाऊ शोभतो, पण त्याच्याकडे विद्युत्-ग्राहकही नसतात. साम्य फक्त पोहण्याच्या ढबीचे. उलट मागूर, शिंगी, शिवडा या माशांना दुसऱ्या प्राण्याच्या शरीरातली सूक्ष्म वीज जाणवते. नाशिककरांना खरा मंदविद्युत मासा दिसतो तो शोभेच्या माशांच्या दुकानात. 'ब्लॅक घोस्ट' नावाने विकला जाणारा हा काळा मासा सेकंदाला सुमारे हजार स्पंद सोडतो. टाकीत दोन तारा सोडून त्या अॅम्प्लिफायरला जोडल्या की एकसुरी, पातळ शिट्टी ऐकू येते. डिसेंबरच्या थंडीत टाकीचा हीटर बंद पडला तर ती शिट्टी खाली उतरते. पाण्याचे तापमान एका अंशाने बदलले की सूर साधारण चार-पाच टक्क्यांनी हलतो.

नदीतला अभ्यास याच शिट्टीवर उभा आहे. हे मासे निशाचर, दिवसा मुळांच्या जाळ्यात दडलेले. डोळ्यांनी पाहण्यासारखे फारसे काही नसते. पण नाइफफिशच्या अनेक जातींत प्रत्येक मासा आपली वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती स्पंद (हर्ट्झ) हे, बराच काळ टिकवतो, त्यामुळे न पकडता 'हा तोच' असे सांगता येते. संशोधक कार्ल हॉपकिन्स यांनी १९७२ मध्ये गयानातल्या ओढ्यांमधून दाखवले, की स्टर्नोपायगस या नाइफफिशमध्ये नर साधारण ५० ते ९० हर्ट्झवर, तर माद्या १०० ते १५० हर्ट्झवर 'बोलतात', आणि मादीचा सूर जवळून गेला की नराचा सूर डळमळतो.

पुढची मोठी झेप पनामाच्या दारिएन भागातल्या एका ओढ्यात पडली. काठाखाली पन्नासहून अधिक इलेक्ट्रोडची जाळी मांडून २०१२ मध्ये अॅप्टेरोनोटस रोस्ट्रेटस या नाइफफिशच्या जातीची अखंड नोंद घेतली गेली. ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. एका माशाची वारंवारता क्षणभर उसळून पूर्ववत होते, त्याला चर्प म्हणतात. प्रणयात नर लहान-लहान चर्पांची बरसात करतो आणि मादीचा एकच लांब चर्प अंडी घालण्याच्या क्षणाशी जोडलेला आढळला. प्रयोगशाळेला चकवणारी गोष्ट मात्र वेगळी निघाली. परका नर पावणेदोन मीटरपर्यंतच्या अंतरावर असतानाही तिथला नर त्याच्यावर धावून गेला, तेही जवळच मादीचा जोरदार संकेत चालू असताना. दुरून येणारे एवढे क्षीण संकेत टाकीतल्या प्रयोगांत फारसे कोणी तपासत नसे, कारण हातभर टाकीत तेवढे अंतरच मिळत नाही.

असे काम शहराजवळ अवघड. असे मासे गोदावरीत असते, तरी नाशिकच्या रामकुंडाच्या घाटाला तारा सोडल्या, तर माशाआधी वीजपुरवठ्याचा ५० हर्ट्झचा घुमारा ऐकू येईल, आणि स्टर्नोपायगसच्या नराचा सूर नेमका तिथूनच सुरू होतो.