घटस्फोटाची डिक्री परदेशात दाखवायचीय? अपॉस्टिलला पळायच्या आधी हातातला कागद नीट बघा

मागच्या महिन्यात नेरूळच्या एक बाई आल्या होत्या. कॅनडाला लेकाकडे कायमचं जायचंय, फॉर्ममध्ये "घटस्फोटित" लिहिलंय तर त्याचा पुरावा मागितला. पिशवीतून त्यांनी डिक्री, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम, काढली ती चकचकीत लॅमिनेट केलेली. कागद जुना झाला, घड्यांवर फाटायला लागला म्हणून जपण्यासाठी केलं होतं हो त्यांनी. पण लॅमिनेशन केलेल्या कागदावर पुढचे शिक्के बसत नाहीत, अपॉस्टिलचं स्टिकर (कागद परदेशात चालावा म्हणून आपलं परराष्ट्र खातं लावतं ते) लागत नाही, म्हणजे परत कोर्टात अर्ज, परत नक्कल, परत पहिल्यापासून.

मी ठाण्यात कोर्टाच्या कागदांची मराठीतून इंग्रजीत भाषांतरं करते, त्यामुळे असे कागद रोज हातात येतात, आणि खरं सांगते, लोकांचे अर्ज परत येतात ते नेहमीच्या चार-सहा गोष्टींमुळेच. त्या गोष्टी ना एजंट सांगत, ना काउंटरवरचे. खिडकीवर बसलेल्या माणसाला अर्ज घेतानाच दिसत असतं की हे पुढे अडकणार आहे, पण "त्रुटी" असा शिक्का मारून तीन आठवड्यांनी परत पाठवायचं. समोरच्याची विमानाची तारीख ठरलेली असते, त्याचं काय?

पहिली अडचण म्हणजे "डिव्होर्स सर्टिफिकेट". परदेशातल्या फॉर्मवर हा शब्द असतो आणि आपली माणसं महापालिकेच्या विवाह नोंदणीच्या खिडकीवर जाऊन तो दाखला मागतात. असा दाखला आपल्याकडे नसतोच. जन्माचा आहे, मृत्यूचा आहे, लग्नाचा आहे, घटस्फोटाचा नाही. घटस्फोटाचा पुरावा म्हणजे कोर्टाची डिक्री, मराठीत हुकूमनामा, आणि तिची सर्टिफाइड कॉपी म्हणजे खरी नक्कल. फॉर्ममध्ये सर्टिफिकेट मागितलं असेल तर डिक्री जोडा आणि सोबत चार ओळींचं पत्र द्या की भारतात वेगळं सर्टिफिकेट निघत नाही, कोर्टाचा हुकूमनामा हाच अंतिम कागद. बहुतेक ठिकाणी एवढ्यावर काम होतं.

आता डिक्री म्हणून लोक काय आणतात ते बघा. कुणी निकालपत्र आणतं, म्हणजे जजमेंट, ज्यात दोन्ही बाजू, पुरावे, कारणं सगळं लिहिलेलं असतं. कुणी कोर्टाच्या वेबसाइटवरून काढलेली प्रिंट आणतं, कुणी वकिलाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो. यातलं काहीही सर्टिफाइड कॉपी नाही. हुकूमनामा वेगळा असतो, छोटा असतो, त्यात अर्जाचा नंबर, दोघांची नावं, तारीख आणि लग्न संपुष्टात आल्याचा आदेश एवढंच असतं. माझं म्हणणं, दोन्हीच्या नकला काढा, जजमेंटची पण आणि डिक्रीची पण, कारण परदेशात कोण काय मागेल सांगता येत नाही आणि एकाच अर्जाच्या फेरीत दोन्ही होऊन जातं.

नक्कल हातात आली की तिथेच खिडकीपाशी उभं राहून तपासा, घरी येऊन नाही. प्रत्येक पानावर कोर्टाचा शिक्का आहे का? शेवटच्या पानावर नकलेसाठी अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली या तारखा भरलेल्या असतात, त्या वाचता येतात का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा स्पष्ट आहे का? पुढे मंत्रालयात आणि परराष्ट्र खात्यात बघतात ते हेच, की ही सही कुणाची आणि त्या माणसाला ती करायचा अधिकार होता का. मी असे कागद पाहिलेत जिथे गोल शिक्का बरोबर सहीवर बसलाय, शाई पसरलीय, नाव कुठेच नाही, नुसती एक वेलांटी दिसतेय. असा कागद परत आला की दोष कुणाचा हे भांडून काही उपयोग नसतो, दुसरी नक्कल काढावी लागते.

संमतीने घटस्फोट झालेल्यांनी आणखी एक बघायचं. कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी सह्या करून दिलेल्या अटी, डिक्रीचाच भाग असतात, "अटी यासोबत जोडल्या आहेत" असं आत लिहिलेलंही असतं, आणि नकलेत ती पानंच नसतात! मुलांचा ताबा कुणाकडे हे त्याच पानांवर असतं. मुलाला घेऊन परदेशी जाणाऱ्या आईचा व्हिसा अडकतो तो इथे, कारण डिक्री दाखवली तरी ताब्याचा कागद कुठाय असं विचारतात. नकलेच्या अर्जातच "कन्सेंट टर्म्ससह" असं स्पष्ट लिहा.

नक्कल कुठून काढायची? जिथे निकाल लागला तिथूनच. तुम्ही आज कुठे राहता याचा संबंध नाही. नवी मुंबईकरांचा इथे फार गोंधळ होतो, कारण वाशी, नेरूळ, ऐरोली, बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये, त्यामुळे दोन स्टेशनं सोडून राहणाऱ्या दोन बहिणींच्या केसेस दोन जिल्ह्यांत असू शकतात. बरेच जण लग्न मुंबईत झालं म्हणून वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात गेलेले असतात आणि पंधरा वर्षांनी ते विसरून ठाण्यात चौकशी करत बसतात. जुन्या पावतीवर किंवा नोटिशीवर अर्जाचा नंबर आणि वर्ष शोधा, ते मिळालं की अर्धं काम झालं. नंबर नसेल तर दोघांची नावं आणि साल घेऊन वकिलाला शोधायला लावा.

आता ज्यांच्याकडे कोर्टाचा कागदच नाही त्यांच्याबद्दल, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतं. शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी, दोन पंचांच्या सह्या, नोटरीचा लाल शिक्का, आणि त्या माणसाने किंवा बाईने त्यावर विश्वास ठेवून वीस वर्षं काढलेली असतात. काही समाजांत रूढीने काडीमोड होतो आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ मध्ये अशा रूढीला जागाही आहे, पण तशी रूढी खरंच होती हे सिद्ध करावं लागतं, आणि परदेशातला अधिकारी स्टॅम्प पेपर बघून ते मान्य करणार नाही. नोटरीने फक्त सही केलीय ती तुम्हीच केलीत एवढं सांगितलेलं असतं, त्याने लग्न मोडत नाही. खुला (बायकोने मागून घेतलेला घटस्फोट) किंवा मुबारत (दोघांच्या संमतीचा) झालेल्या मुस्लिम जोडप्यांचंही तसंच, नुसत्या खुलानाम्यावर पुढे अडतं. यावर रस्ता आहे, कौटुंबिक न्यायालयात आपली वैवाहिक स्थिती जाहीर करून मागता येते, त्याला डिक्लरेशनचा दावा म्हणतात. वेळ लागतो. म्हणून व्हिसाची तारीख यायची वाट बघू नका, बाहेर जायचं मनात आलं की आधी हे सुरू करा. आणि "आहे त्याच स्टॅम्प पेपरवर अपॉस्टिल मारून देतो" म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका. स्टिकर कदाचित लागेलही, पण त्याने तो कागद घटस्फोट होत नाही.

अपॉस्टिलचा अर्थच बऱ्याच जणांना चुकीचा सांगितलेला असतो. १९६१ च्या हेग कराराखाली हा शिक्का आला, भारतात तो जुलै २००५ पासून लागू आहे. तो सांगतो फक्त एवढंच की कागदावरची सही आणि शिक्का खरे आहेत आणि सही करणारा त्या पदावर होता. आत काय लिहिलंय, ते पूर्ण आहे का, तुमचा घटस्फोट त्या देशात मानला जाईल का, यावर तो एक शब्द बोलत नाही. ते तो देश त्याच्या कायद्याने ठरवतो. कॅनडातल्या ओंटारिओत पुन्हा लग्न करायचं तर भारतातल्या डिक्रीबरोबर तिथल्या वकिलाचं मतपत्र लागतं आणि सरकारची परवानगी लागते. जर्मनीत त्यांच्या राज्याच्या न्याय खात्याकडून परदेशी घटस्फोटाला मान्यता घ्यावी लागते. म्हणून ज्या ऑफिसला कागद द्यायचाय त्यांना आधी ईमेल करा आणि लेखी उत्तर घ्या: अपॉस्टिल हवं का, भाषांतर कुणाचं चालेल, नक्कल किती जुनी चालेल. अमेरिकेच्या इमिग्रेशनला उदाहरणार्थ साधारणपणे अपॉस्टिल लागतच नाही, इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचं सही केलेलं प्रमाणपत्र पुरतं, तरी लोक हजारो रुपये घालवून बसलेले असतात.

प्रत्यक्ष पायऱ्या सोप्या आहेत: सर्टिफाइड कॉपी, मग मंत्रालयात राज्याच्या गृह विभागाकडून ॲटेस्टेशन, म्हणजे सही-शिक्का खरा असल्याची खात्री, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल. परराष्ट्र खातं आपल्याकडून थेट कागद घेत नाही, त्यांनी नेमलेल्या एजन्सीकडे द्यावे लागतात. २०१९ पासून हे काम मुंबईतूनही होतं, दिल्लीला पाठवायलाच पाहिजे असं नाही. सरकारी फी एका कागदाला ५० रुपये, वर एजन्सीचा सर्व्हिस चार्ज. कुणी एका डिक्रीचे आठ-दहा हजार सांगितले तर कशाचे किती ते लिहून मागा.

देश कोणता यावर शेवटची पायरी बदलते आणि इथे जुनी माहिती घात करते. यूएई, कतार, कुवेत हेग करारात नाहीत, तिथे अपॉस्टिल नाही, परराष्ट्र खात्याच्या ॲटेस्टेशननंतर त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का, आणि यूएईत पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा आणि मान्यताप्राप्त अरबी भाषांतर. पण ओमान, बहारीन करारात आहेत, सौदी डिसेंबर २०२२ पासून आहे आणि कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून. "गल्फ म्हणजे एम्बसीच" असं सरसकट सांगणारा एजंट भेटला तर सावध व्हा. जर्मनीने भारताच्या सामील होण्यावर हरकत घेतलेली आहे, म्हणजे आपलं अपॉस्टिल तिथे चालत नाही, म्हणून जर्मनीला जाणाऱ्यांनी त्यांच्या वकिलातीच्या वेबसाइटवरच बघावं.

तारखांचा घोळ दोन जागी होतो. "कागद तीन महिन्यांच्या आतला हवा" असं वाचून लोक घाबरतात की आमचा घटस्फोट तर २०११ चा. घटस्फोटाची तारीख नाही हो, नक्कल काढल्याची तारीख. म्हणून डिक्री घरात असली तरी ताजी नक्कल काढावी लागते, आणि फार आधी काढून ठेवूनही चालत नाही. दुसरं, अपिलाची मुदत. परदेशात विचारतात की निकाल अंतिम आहे ना. इंग्लंडमध्ये पूर्वी डिक्री नायसाय (तात्पुरती) आणि मग डिक्री ॲब्सोल्यूट (अंतिम) अशा दोन पायऱ्या होत्या, २०२२ पासून त्यांची नावं बदलली, म्हणून तिकडचे लोक आपल्याकडेही दुसरा कागद शोधतात. हिंदू विवाह कायद्यात एकच डिक्री असते. कौटुंबिक न्यायालयाच्या कायद्यात अपिलाला ३० दिवस लिहिलेत ते वाचून एकतिसाव्या दिवशी लोक लग्नाची तारीख काढतात, पण हिंदू विवाह कायद्यात ९० दिवस आहेत आणि मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्ये ९० दिवसच धरायचे असं सांगितलंय. त्यातही नक्कल मिळायला गेलेले दिवस मोजत नाहीत, म्हणजे मुदत लांबते. कौटुंबिक न्यायालयात संमतीने डिक्री झाली असेल तर त्यावर अपील नसतं. अपील झालं नाही याचं वकिलाचं पत्र आणि स्वतःचं ॲफिडेव्हिट जोडून ठेवा.

नावाचं काय? डिक्रीत सासरचं आडनाव, पासपोर्टवर माहेरचं, लग्नाच्या दाखल्यावर तिसरंच स्पेलिंग. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं ॲफिडेव्हिट बहुतेक वेळा चालतं. पण डिक्रीतच टायपिंगची चूक असेल, "सुनीता"ची "सुनीला" झाली असेल, तर ॲफिडेव्हिटने झाकू नका, त्याच कोर्टात दुरुस्तीचा अर्ज करा, लेखनातली चूक दुरुस्त करायचा अधिकार कोर्टाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली आहे. भाषांतरात मी ती चूक दुरुस्त करून देऊ शकत नाही, कितीही विनवलंत तरी. जे लिहिलंय तेच मला लिहावं लागतं.

ज्या देशात इंग्रजी चालत नाही, इटली, स्पेन वगैरे, तिथे आधी अपॉस्टिल करा आणि मग त्या स्टिकरसकट सगळ्याचं तिथल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून भाषांतर घ्या. उलटं केलं तर स्टिकरचं भाषांतर राहून जातं आणि फाईल परत येते.

तुम्ही स्वतः परदेशात असाल आणि भावाला किंवा आईला हे करायला लावणार असाल तर पॉवर ऑफ ॲटर्नी तिथल्या भारतीय वकिलातीत करा किंवा त्या देशाचं अपॉस्टिल लावून पाठवा. इथे पोचल्यावर महाराष्ट्रात त्यावर स्टॅम्प ड्युटी भरायची, मुदत तीन महिने. हे तीन महिने सही केल्यापासून नाही, कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून, म्हणून कुरियरचं पाकीट तारखेसकट जपून ठेवा. ऐरोलीच्या एका आजोबांनी ते पाकीट रद्दीत दिलं होतं, कधी आलं हे दाखवायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

आणि नकलेचा अर्ज करतानाच दोन प्रती मागा. एक स्टिकर लागून बाहेर जाते ती बहुतेक वेळा परत मिळत नाही, दुसरी घरी राहू द्या, लॅमिनेट न करता, साध्या कागदी पाकिटात. मे महिन्यात आणि दिवाळीत कोर्टाला सुट्टी असते, तेव्हा अर्ज त्याच्या आधी गेलेला असू दे.