तेलाचं आणि पाण्याचं जमत नाही म्हणून

पहिल्या आंघोळीच्या दिवशी संध्याकाळी फराळाला ताईकडे गेलो, तर भाची कॉटवर पाय पोटाशी घेऊन बसलेली. डाव्या खांद्यापासून दंडापर्यंत लाल पट्टा उठला होता, मानेवरही दोन चट्टे. सकाळी तिनं घरच्या घरी स्पा केला होता. बादलीत कडकडीत पाणी, त्यात मूठभर सैंधव, गुलाबाच्या पाकळ्या आणि ऑनलाइन मागवलेल्या लेमनग्रास तेलाचे थेंब.

“मामा, मी पाचच थेंब टाकलो की! आणि बाटलीवर लिहिलंय, शंभर टक्के नैसर्गिक, केमिकल फ्री.”

बाटली मी हातात घेतली. तेल चांगलं होतं, भेसळीचा वास येत नव्हता. लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहा. ‘केमिकल फ्री’ हे दोन शब्द मात्र खोटे होते. गवती चहाच्या तेलात सत्तर-ऐंशी टक्के सिट्राल नावाचं रसायन असतं. दहा कार्बन, सोळा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. पात चुरगाळल्यावर जो लिंबासारखा वास येतो तो याच रेणूचा. कारखान्यात बनवलेल्या सिट्रालचा रेणूही हुबेहूब असाच असतो, आणि आपल्या त्वचेला या दोन सिट्रालांमधला फरक ओळखता येत नाही. अंगावर पुरळ उठवू शकणाऱ्या ज्या 26 सुगंधी घटकांची नावं ठरावीक प्रमाणाच्या वर असतील तर लेबलवर छापणं युरोपात 2005 पासून सक्तीचं झालं, त्यांत सिट्राल आहे, आणि बहुतेक बाकीचेही झाडाझुडपांत सापडणारेच आहेत.

पण भाचीचा खरा प्रश्न वेगळा होता. अख्ख्या बादलीत पाच थेंब म्हणजे किती पातळ झालं असेल, मग पोळलं कसं?

पातळ झालंच नव्हतं. ताईकडची एक बादली भरून घेतली, पाणी स्थिर होऊ दिलं आणि वर चिमूटभर हळद भुरभुरवली. मग मधोमध त्याच बाटलीतला एक थेंब सोडला. हळद क्षणात चहूकडे पळाली आणि मधे स्वच्छ, थोडं तकतकीत वर्तुळ उरलं. तेल खाली गेलंच नाही, ते पाण्याच्या तोंडावर पसरलं. पाच थेंब म्हणजे जेमतेम पाव मिलिलीटर. बादलीच्या तोंडावर सगळीकडे सारखं पसरलं असं धरलं तर थराची जाडी केसाच्या विसाव्या हिश्श्याइतकी भरते. थर पातळ असला तरी तो निव्वळ तेलाचा. त्यात तांब्या बुडवला की पहिल्यांदा आत येतो तो हाच वरचा थर. भाचीनं पहिला तांब्या डाव्या खांद्यावर ओतला होता. पट्टा तिथूनच सुरू झाला होता.

मिठानं यात काही मदत होत नाही. मीठ पाण्यात विरघळतं, तेलाला धरून ठेवत नाही. उलट खारट पाण्यात तेल आणखीच कमी विरघळतं.

तेलाचं आणि पाण्याचं जमत नाही, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. मला या वाक्याचं फार वेड आहे, कारण ज्या भांडणापायी भाचीचा खांदा पोळला, त्याच भांडणामुळे ते तेल मुळात बाटलीत येऊ शकतं. दुसऱ्या दिवशी तिला हे करूनच दाखवायचं ठरवलं.

कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मार्केटमधून अर्धा किलो गवती चहा आणला. पाती कात्रीनं बोटभर लांबीच्या कापल्या. मोठ्या पातेल्यात त्या बुडतील एवढं पाणी, मधोमध तिवईवर एक स्टीलची वाटी. पातेल्यावर झाकण उलटं ठेवलं, म्हणजे मुठीचा गोळा आत वाटीच्या बरोबर वर आला. उलट्या झाकणाच्या खोलगट भागात बर्फ. खाली मंद आच. वाफ वर जाते, गार झाकणाला लागून तिचं पाणी होतं, ते थेंब उतारानं मुठीकडे ओघळतात आणि वाटीत पडतात. घरोघरी गुलाबपाणी करायची रीत हीच आहे. पाऊण तासात वाटी अर्धी भरली. ते पाणी आम्ही काचेच्या परीक्षानळीत ओतलं. आधी ताकासारखं गढूळ दिसलं, मग निवळत गेलं, आणि वर तांदळाच्या दाण्याएवढ्या जाडीचा फिकट पिवळा थर येऊन थांबला. भाची नळी उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिली.

आता गंमत बघा. सिट्राल 229 अंश सेल्सिअसला उकळतं. आमच्या पातेल्यातलं पाणी तर शंभरालाही पोचलं नव्हतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे इथं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. मग 229 ला उकळणारा पदार्थ 98 ला पातेल्यातून वर कसा आला?

त्यासाठी उकळणं म्हणजे काय ते नीट बघावं लागेल. कुठल्याही द्रवातले काही रेणू सतत पृष्ठभाग सोडून वाफ होत असतात. त्या वाफेचा जो रेटा असतो त्याला बाष्पदाब म्हणतात. तापमान वाढेल तसा तो वाढतो. तो वरच्या हवेच्या दाबाएवढा झाला की द्रवाच्या पोटातच वाफेचे बुडबुडे तग धरू लागतात, आणि आपण म्हणतो पाणी उकळलं. समुद्रकाठी हवेचा दाब पाऱ्याच्या 760 मिलिमीटर उंचीएवढा असतो, आपल्याकडे साधारण 710.

आता एकाच भांड्यात दोन द्रव आहेत असं समजा. ते एकमेकांत विरघळणारे असतील, उदाहरणार्थ पाणी आणि स्पिरिट, तर दोघांना पृष्ठभाग वाटून घ्यावा लागतो. एसटीला एकच दार असावं आणि पुरुष-बायका सगळे त्याच दारातून उतरावेत, तसं. प्रत्येकाची उतरण्याची गती कमी होते. पण पाणी आणि तेल एकमेकांत मिसळतच नाहीत. तेलाच्या थेंबाचा पृष्ठभाग निव्वळ तेलाचा राहतो, पाण्याचा निव्वळ पाण्याचा. दोघांना आपापलं स्वतंत्र दार. पाणी शेजारी आहे म्हणून तेलाचा बाष्पदाब कमी होत नाही आणि तेल आहे म्हणून पाण्याचा होत नाही. बाहेरच्या हवेला रेटताना मात्र दोघांचे दाब मिळून मोजले जातात. म्हणजे 710 ची बेरीज भरायची आहे, त्यातले 706-707 पाणी एकटंच भरतं, सिट्रालला आपले तीन-साडेतीन तेवढे टाकायचे असतात. त्या तापमानाला त्याचा बाष्पदाब तेवढाच आहे आणि तेवढाच पुरतो. सगळं मिश्रण पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या किंचित अलीकडेच उकळतं.

तीन-साडेतीन आणि सातशे. म्हणजे वाफेच्या दर दोनशे रेणूंमागे सिट्रालचा एक. फार कमी वाटतं ना? पण पाण्याचा रेणू हलका, त्याचा रेणुभार 18. सिट्रालचा 152, जवळजवळ साडेआठ पट. त्यामुळे वजनात बघितलं तर शंभर ग्रॅम पाण्यामागे चार ग्रॅम सिट्राल यायला हवं. प्रत्यक्षात एवढं येत नाही. तेल पातीच्या पेशींमध्ये कोंडलेलं असतं, ते बाहेर पडेपर्यंत पाणी पुढं निघून जातं. शिवाय ताज्या गवती चहात तेलच वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आत. पण हिशोब मनात धरला की कळतं, इतका नाजूक रेणू न करपता, न मोडता, हळूच पाण्याच्या वाफेच्या खांद्यावर बसून बाहेर कसा येतो. 229 अंशांपर्यंत नुसता तापवला असता तर पातेल्यात काळा चिकटा उरला असता.

आणि खाली गार झाल्यावर पुन्हा तीच गोष्ट कामी येते. जमत नाही म्हणून दोघे वेगळे होतात. तेल वरच्या वर ओतून घ्यायचं. लवंगेचं तेल असतं तर तळाशी बसलं असतं, ते पाण्यापेक्षा जड आहे.

आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळं पेटतात. काहिलीतला रस उकळायला लागला की गुळाचा वास शिवार ओलांडून रस्त्यावर येतो. ते सुगंधी रेणू बहुतेक पाण्यात विरघळणारे, त्यामुळे गणित वेगळं, पण उकळत्या पाण्याच्या वाफेबरोबर तेही असेच उधळले जातात. जुना गुळव्या नुसत्या वासावरून काहील कधी उतरवायची ते सांगतो. त्याच्या नाकाशी येतं ते काहिलीतल्या रसायनाचं ताजं वर्तमान असतं.

गुलाबाचं थोडं उलटं आहे. गुलाबाच्या वासातला मोठा वाटेकरी फेनिलइथाइल अल्कोहोल. हा पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो. त्यामुळे ऊर्ध्वपातन केलं, म्हणजे अशी वाफ करून ती गार केली, की तो बहुतेक पाण्यातच राहतो, तेलात कमी येतो. म्हणून गुलाबपाण्याला इतका छान वास आणि गुलाबाचं तेल इतकं दुर्मीळ. एक किलो तेलाला तीन ते पाच टन पाकळ्या लागतात. कनौजच्या अत्तरवाल्यांनी यावर जुना तोडगा काढलाय. तांब्याच्या देगेतून येणारी वाफ ते चंदनाच्या तेलात उतरवतात. सुगंधाचे रेणू तेलात मुरतात, पाणी खाली काढून टाकतात.

म्हणून दीडदोनशे रुपयांच्या बाटलीवर ‘शुद्ध गुलाब तेल’ लिहिलेलं दिसलं की समजून जावं.

नैसर्गिक तेल जपून ठेवण्याबद्दलही लोक निर्धास्त असतात. भाचीची दुसरी बाटली संत्र्याच्या सालीच्या तेलाची होती, न्हाणीघराच्या खिडकीत, उन्हात, झाकण सैल. त्यात मुख्य घटक लिमोनिन. ताजं लिमोनिन त्वचेला फारसं त्रास देत नाही. पण हवा लागत राहिली की त्याच्याशी ऑक्सिजन जोडला जाऊन हायड्रोपेरॉक्साइड तयार होतात, आणि पुरळ उठवणारे खरे तेच. लॅव्हेंडरमधल्या लिनालूलचंही असंच. संत्र्याचं तेल जुनं होईल तसं मुरत नाही, खराब होत जातं. काळी बाटली, घट्ट बूच, फ्रीज.

आता थोडं त्या जाहिरातींबद्दल. मिठाच्या पाण्यात बसलं की अंगातली विषारी द्रव्यं बाहेर खेचली जातात, असं सर्रास लिहिलं जातं. हे काम आपलं यकृत आणि मूत्रपिंड चोवीस तास करत असतात, बादलीतलं मीठ त्यांना हातभार लावत नाही. 2021 मध्ये, कोरोनाच्या लाटेत, कापूर, ओवा आणि लवंगेची पुरचुंडी हुंगल्यावर रक्तातला ऑक्सिजन वाढतो, असा संदेश घराघरांत फिरत होता. आमच्या गल्लीतही लोक पुरचुंडी खिशात घेऊन फिरत होते, आणि काहींनी त्या भरवशावर दवाखाना लांबवला. कापूर किंवा पुदिन्याचा अर्क हुंगल्यावर नाक मोकळं वाटतं, कारण तो नाकातल्या थंडी जाणवणाऱ्या चेतातंतूंना चाळवतो. जाणीव बदलते, फुप्फुसात जाणारी हवा तेवढीच राहते. शिवाय लहान मुलाच्या पोटात थोडासा कापूर गेला तरी झटके येऊ शकतात. सुगंधानं मन प्रसन्न होतं, तेवढं पुष्कळ आहे. त्यावर औषधाचं ओझं टाकू नये.

भाचीनं विचारलं, मग वास हवाच असेल तर करू काय? आपल्या घरातली जुनी पद्धत बघ म्हटलं. आधी अंगाला तिळाचं तेल, मग उटणं, मग पाणी. उटण्यात वाळा, नागरमोथा, कचोरा, गुलाबाच्या पाकळ्या कुटलेल्या असतात. वाळ्याच्या मुळांत सुगंधी तेल वजनाच्या एक-दोन टक्के, म्हणजे ते निसर्गतःच भुकटीत पातळ झालेलं. निव्वळ तेलाचा थर कातडीला लागायची वेळच येत नाही. बाटलीतलं तेल वापरायचं असेल तर तिळाच्या शंभर थेंबांत एखाद-दुसरा थेंब मिसळून अंगाला लाव, बादलीत टाकू नको. आणि हा पट्टा पूर्ण जाईपर्यंत तेही नको. एकदा ॲलर्जी जडली की पुढं एवढंसंही पुरतं. पट्टा पसरला किंवा पाणी धरलं तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं, मामाकडे नाही.

परीक्षानळीतलं तेल तिनं काळ्या बाटलीत काढून वर तारीख लिहिली. खालचं पाणी ताईनं मागितलं. सिट्राल पाण्यात अगदीच विरघळत नाही असं नाही, लिटरमागे ग्रॅमच्या आसपास विरघळतं, आणि तेवढं आपल्या नाकाला भरपूर होतं. ताईनं ते पाणी धुतलेल्या ओढण्यांवर शिंपडलं. घरभर दोन दिवस वास होता.

आता वाळ्याचं करून बघायचंय. त्याचे रेणू पंधरा कार्बनचे, भारी, रेणुभार दोनशेच्या वर. 98 अंशांना त्यांचा बाष्पदाब सिट्रालच्या मानानं फारच कमी, म्हणून वाळ्याचा वास माठात दिवसेंदिवस टिकतो आणि म्हणूनच तो वाफेबरोबर लवकर येत नाही. भट्टीवाले अठरा-वीस तासही आच देत राहतात. आमच्या पातेल्याला किती लागतील ते बघू. लक्ष्मीपुरीतून पाव किलो वाळा आणून ठेवलाय, आणि बर्फ जास्त लागेल म्हणून भाचीनं शेजारच्या दोन घरांतले फ्रीजचे कप्पे आत्ताच अडवून ठेवलेत.