लिव्हरचा कॅन्सर परत आल्यावर दुसरं ऑपरेशन: हे इथपर्यंत आलं कसं

माझे मामा निफाडचे, द्राक्षबाग आहे त्यांची. लिव्हरचं पहिलं ऑपरेशन मुंबईला झालं तेव्हा गाठ ४ सेंटिमीटरची होती, पूर्ण निघाली, कापलेल्या कडांमध्येही कॅन्सर सापडला नाही, आणि सगळ्यांना वाटलं सुटलो एकदाचे. साडेतीन वर्षांनी नेहमीच्या सोनोग्राफीत परत एक ठिपका दिसला, एमआरआय केला तर २ सेंटिमीटरची गाठ, आणि मामी एकच प्रश्न धरून बसली, "सगळं काढलं होतं ना, मग आलंच कसं?" हाच प्रश्न मी नंतर नाशिकमध्ये डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या कितीतरी नातेवाईकांच्या तोंडून ऐकलाय, आणि बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं की डॉक्टरने आत काहीतरी ठेवलं. खरं उत्तर वेगळं आहे आणि ते डॉक्टर लोकांनाही बऱ्याच उशिरा कळलं, म्हणून मागची सगळी गोष्ट सांगतोय.

मुळात लिव्हरला ब्लेड लावायचीच भीती होती, कारण हा अवयव म्हणजे रक्ताने भिजलेला स्पंजच. बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनी १८८८ मध्ये एका बाईच्या लिव्हरचा तुकडा ठरवून कापला, पण काही तासांतच रक्तस्रावामुळे पोट परत उघडावं लागलं, बाई वाचली हे नशीब. १९०८ मध्ये ग्लासगोच्या प्रिंगल यांनी लिव्हरमध्ये शिरणाऱ्या रक्तवाहिन्या थोडा वेळ चिमटीत दाबून धरायची युक्ती सांगितली, त्यांचे स्वतःचे बहुतेक पेशंट वाचले नाहीत पण युक्ती आजही प्रत्येक लिव्हर सर्जनच्या हातात आहे. मग १९५७ मध्ये पॅरिसचे क्लोद क्विनो यांनी लिव्हरचे आतल्या रक्तवाहिन्यांप्रमाणे ८ भाग पाडून दाखवले, आणि बाहेरून एकसंध दिसणाऱ्या या अवयवात कुठून कापायचं याचा नकाशाच मिळाला. तरीही १९७७ च्या एका अमेरिकन पाहणीत लिव्हरचा मोठा भाग काढलेल्या दर ५ पेशंटमागे १ दगावत होता. पहिल्याच ऑपरेशनची ही गत असताना दुसऱ्यांदा पोट उघडायचा विचार कोण करणार? कॅन्सर परत आला म्हणजे घरी न्या आणि सेवा करा, एवढंच.

आता परत येतो का, तर येतो, आणि थोड्याथोडक्या लोकांना नाही. ऑपरेशन चांगलं होऊनही ५ वर्षांत साधारण ६० ते ७० टक्के पेशंटमध्ये तो परत दिसतो आणि बहुतेक वेळा लिव्हरमध्येच. यात दोन प्रकार असतात. पहिल्या २ वर्षांत आला तर बऱ्याचदा जुन्याच गाठीच्या पेशी रक्तवाहिनीतून लिव्हरमध्ये दुसरीकडे जाऊन बसलेल्या असतात, ऑपरेशनच्या वेळी त्या कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाहीत. २ वर्षांनंतर आला तर बऱ्याचदा तो नवीनच कॅन्सर असतो, जुन्याशी संबंध नसलेला, कारण ज्या लिव्हरमध्ये पहिला झाला तेच आजारी लिव्हर मागे उरलेलं असतं. हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, डायबेटिससोबत येणारं फॅटी लिव्हर, यांनी वर्षानुवर्षे लिव्हर खराब केलेलं असतं, सिऱ्हॉसिस झालेला असतो, म्हणजे लिव्हर व्रण पडून कडक झालेलं असतं, आणि गाठ काढली म्हणून ते काही बरं होत नाही. मामांना हे डॉक्टरांनी दहा मिनिटं चित्र काढून समजावलं, तेव्हा मामा म्हणाले, "म्हणजे रोगट घड तोडला, पण वेल तोच आहे." डॉक्टर म्हणाले अगदी बरोबर.

दुसऱ्या ऑपरेशनचं दार उघडलं ते सर्जरीमुळे नाही, रक्ताच्या एका तपासणीमुळे, आणि मला या सगळ्या इतिहासातला हाच भाग सर्वात महत्त्वाचा वाटतो. १९६३ मध्ये मॉस्कोच्या अबेलेव्ह यांना लिव्हर कॅन्सर असलेल्या उंदरांच्या रक्तात एक प्रोटीन सापडलं जे एरवी गर्भात असतं, वर्षभरात तातारिनोव्ह यांनी तेच माणसाच्या रक्तात दाखवलं. हेच ते अल्फा फीटोप्रोटीन, आपल्या फाइलीत एएफपी लिहिलेलं असतं ते. चीनमध्ये हिपॅटायटिस बी खूप, तिथे ७० च्या दशकात याच तपासणीने हजारो लोक तपासले गेले आणि त्रास सुरू व्हायच्या आधीच छोट्या गाठी सापडायला लागल्या. शांघायच्या तांग झाओयू यांच्या टीमने पुढचं पाऊल टाकलं, ऑपरेशन झालेल्या पेशंटची एएफपी तपासत राहायची आणि ती चढली की परत आलेली गाठ लहान असतानाच काढायची. जपानमध्येही तेच चालू होतं, नागासुए यांनी १९८६ मध्ये दुसऱ्यांदा लिव्हर कापलेल्या पेशंटचा अनुभव छापला. त्याच काळात माकुउची यांनी ऑपरेशन चालू असताना सोनोग्राफीचा प्रोब थेट लिव्हरवर ठेवून गाठ आणि तिची रक्तवाहिनी शोधायची आणि तेवढाच भाग काढायचा ही पद्धत बसवली, म्हणजे अर्धं लिव्हर कापायची गरज उरली नाही, आणि लिव्हर वाचवून ठेवलं असेल तरच दुसऱ्यांदा कापायला काही शिल्लक राहतं ना.

लिव्हर परत वाढतं हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि त्यावरून लोकांचा फार गैरसमज होतो. छाटलेल्या वेलीला नवीन काडी फुटते तसा कापलेला भाग परत फुटत नाही, उरलेला भागच फुगून मोठा होतो, आणि सिऱ्हॉसिस असेल तर तेही नीट होत नाही. निरोगी लिव्हरचा पाव ते तीसेक टक्के भाग मागे ठेवला तरी माणूस निभावतो, सिऱ्हॉसिसमध्ये साधारण ४० टक्के लागतो. दुसऱ्या वेळी अजून एक अडचण, लिव्हर वाढताना फिरलेलं असतं, रक्तवाहिन्या जुन्या जागी नसतात आणि आतडी, जठर, डायफ्राम म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, सगळं त्याला चिकटलेलं असतं. मामांच्या दुसऱ्या ऑपरेशनला ६ तास लागले, नंतर सर्जन बाहेर येऊन म्हणाले की गाठ काढायला पाऊण तास लागला, बाकी सगळा वेळ चिकटलेलं सोडवण्यात गेला. पहिलं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं असेल तर हे चिकटणं कमी असतं.

पण कापणं हाच एक उपाय आहे असं नाही. ९० च्या दशकात इटलीतून सुई टोचून गाठ जाळायची पद्धत आली, रेडिओफ्रीक्वेन्सी, आणि परत आलेल्या लहान गाठीसाठी कापायचं की जाळायचं हा वाद बरीच वर्षं चालला. २०२० मध्ये शांघायच्या २४० पेशंटचा निकाल छापून आला, अर्ध्यांना दुसरं ऑपरेशन आणि अर्ध्यांना सुई. ५ वर्षांनी ऑपरेशनवाल्यांत ४३.६ टक्के हयात, सुईवाल्यांत ३८.५ टक्के, म्हणजे एकूण बघता ठोस फरक नाही, मात्र ३ सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ किंवा एएफपी २०० च्या वर असेल तर ऑपरेशनचा फायदा जास्त दिसला. मामांची गाठ लहान होती पण आतड्याला आणि मोठ्या रक्तवाहिनीला खेटून, तिथे सुई धोक्याची, म्हणून ऑपरेशन ठरलं.

तिसरा रस्ता ट्रान्सप्लांटचा, तिथे गाठीबरोबर आजारी लिव्हरच जातं, म्हणजे मामांच्या भाषेत वेलच बदलायचा. १९९६ मध्ये मिलानच्या माझाफेरो यांनी नियम घालून दिला, एकच गाठ असेल तर ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त ३ गाठी आणि प्रत्येक ३ सेंटिमीटरच्या आतली, आणि २००० च्या सुमारास आधी कापून बघू, परत आलं तर ट्रान्सप्लांट करू, असा विचार पुढे आला, त्याला सॅल्व्हेज ट्रान्सप्लांट म्हणतात. आपल्याकडे अवयवदानाचा कायदा १९९४ चा आणि पहिलं यशस्वी लिव्हर ट्रान्सप्लांट १९९८ चं, पण आपल्याकडे लिव्हर बहुतेक वेळा घरातलाच माणूस देतो, म्हणजे बायको, मुलगा, भाऊ, आणि खर्च लाखांत. कागदावर सोपा वाटणारा हा रस्ता घरात बसून ठरवताना फार अवघड जातो, आम्ही दोन रात्री जागून काढल्यात त्यावर.

ऑपरेशननंतर कॅन्सर परत येऊ नये म्हणून गोळ्या-इंजेक्शनं देऊन बघितली, सोराफेनिब या कॅन्सरच्या गोळीचा त्यासाठी काही उपयोग होत नाही हे २०१५ मध्ये कळलं, इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणाऱ्या इंजेक्शनांचा, २०२३ मध्ये आलेला चांगला निकाल पुढे टिकला नाही. त्यापेक्षा हिपॅटायटिस बीची रोजची साधी गोळी कामाची ठरली, २०१२ च्या तैवानच्या मोठ्या अभ्यासात ती घेणाऱ्यांमध्ये कॅन्सर परत येण्याचं प्रमाण कमी दिसलं. मामांनी पहिल्या ऑपरेशननंतर वर्षभराने ही गोळी मध्येच बंद केली होती, बरं वाटतंय म्हणून, आणि आम्हाला कोणालाच पत्ता नव्हता. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता मामी स्वतः गोळी हातावर ठेवते. दर ३ महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी, तारीख कालनिर्णयवर छाटणीच्या तारखेशेजारी लिहिलेली असते. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांची एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बी आहे का ते सांगणारी रक्ताची तपासणी करायला सांगितली, हिपॅटायटिस बी बऱ्याचदा आईकडून जन्माच्या वेळीच मुलांना येतो म्हणून भावंडांची आधी. धाकटे मामा पॉझिटिव्ह निघाले, काही त्रास नव्हता त्यांना, काहीच नाही. आता त्यांचीही दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी असते आणि दोघं भाऊ एकाच मोटरसायकलवर नाशिकला येतात.