दातांचं भाडं आणि तुर्की इफ्तारचा थाट

तुर्की घरात इफ्तारचा बेत ठरतो तो आधी बशांचा. खजूर, काळी-हिरवी ऑलिव्ह, दोन-तीन तऱ्हांचं चीज, गुलाबपाकळ्यांचा मुरांबा, मसाल्याचा लेप देऊन वाळवलेल्या गोमांसाचे, म्हणजे पास्तिर्माचे, पातळ काप. या सगळ्याला मिळून नाव ‘इफ्तारियेलिक’. जुन्या इस्तंबूलच्या वाड्यांत जेवण दोन टप्प्यांत होई. सूर्यास्ताची तोफ झाली की यातलं थोडं थोडं तोंडात टाकायचं, मग उठून मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरची, नमाज, आणि परतल्यावर सूपपासून खरं जेवण. आता बऱ्याच घरी दोन्ही टप्पे एकत्र होतात, पण बशा टिकून आहेत.

या वाड्यांचा एक रिवाज मला फार आवडतो: ‘दिश किरासी’, म्हणजे दातांचं भाडं. रमजानात बड्या सरदारांकडे बिनबोलावलेली माणसंही पंगतीला बसत. निघताना यजमान त्यांच्या हातात मखमली थैली ठेवी, आत चांदीची किंवा सोन्याची नाणी. कारण काय? माझ्या घरी जेवून तुम्ही मला पुण्य मिळवून दिलंत, त्यात तुमचे दात झिजले! आपल्याकडे भोजनानंतर दक्षिणा असते, पण झिजलेल्या दातांचा हिशेब कुणी मांडल्याचं ऐकिवात नाही.

ज्यांची वाड्यापर्यंत मजल नव्हती, त्यांच्यासाठी मशिदींना जोडलेली अन्नछत्रं होती, ‘इमारेत’. इस्तंबूलच्या फातिह मशिदीच्या इमारेतमध्ये एरवी तांदळाचं नाहीतर गव्हाचं सूप मिळे. रमजानात मात्र मटण-भात आणि केशर घातलेला गोड भात, ‘झेर्दे’. आपला जर्दा तो हाच शब्द. सरबत आणि शोरबाही तिथे शेर्बेत आणि चोर्बा म्हणून भेटतात.

राजवाड्याचा थाट वेगळा. रमजानच्या 15 तारखेला सुलतानाच्या तोपकापी राजवाड्यातून जानिसारी, म्हणजे त्याच्या खास पायदळाच्या, सैनिकांना बकलावा वाटला जाई, दहा जणांमागे एक परात. कापडात बांधलेल्या पराती काठीला लटकवून दोघे-दोघे खांद्यावरून नेत, आणि ही मिरवणूक बघायला रस्त्यावर गर्दी लोटे. 1826 मध्ये सुलतान दुसऱ्या महमूदने जानिसारी फौजच मोडून काढली. मिरवणूकही तिच्याबरोबर गेली.

गोडात रमजानची खरी मानकरी ‘ग्युल्लाच’. स्टार्चच्या कागदासारख्या पातळ वाळवलेल्या चकत्या महिनोन्‌महिने टिकतात. त्या साखर-गुलाबपाण्याच्या कोमट दुधात भिजवायच्या, मध्ये अक्रोड पेरायचे, वर डाळिंबाचे दाणे. दूध उकळतं असलं की चकत्यांचा लगदा झालाच. दिवसभर रिकाम्या पोटाला बकलाव्यापेक्षा ही हलकी. इस्तंबूलमध्ये जूनचा रोजा सतरा तासांच्या आसपास जातो, तेव्हा तर हे आणखी पटतं.

1990च्या दशकात इस्तंबूलच्या पालिकांनी इफ्तारचे मंडप घातले, इमारेतचाच नवा अवतार म्हणा. पंचतारांकित हॉटेलांतल्या इफ्तारांचं पेव फुटलं, तशी त्यावर टीकाही झाली. 2013 मध्ये, गेझी पार्कच्या सरकारविरोधी आंदोलनानंतर काहीच आठवड्यांत, लोकांनी इस्तंबूलच्या इस्तिकलाल रस्त्यावर जमिनीवरच लांबच लांब पंगत मांडली आणि घरून आणलेले डबे उघडले. 2023 मध्ये इफ्तारची परंपरा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, तुर्कस्तान, इराण, अझरबैजान आणि उझबेकिस्तान अशा चौघांच्या नावावर.

बेकरीपुढची रांग मात्र यादीबिदीची वाट बघत नाही. फक्त रमजानात भाजली जाणारी, वर बोटांनी जाळी उमटवलेली, तीळ-कलौंजी लावलेली गोल पिदे घ्यायला सूर्यास्ताआधी अर्धा तास माणसं उभी असतात. कागदात गुंडाळलेली गरम पिदे छातीशी धरून घरी न्यायची, आणि रोजा सुटेपर्यंत वाटेत तुकडाही मोडता येत नाही.