संकटसंकेत (खानदेशातील डोंगररानांत)

संकटसंकेत : रानात वाट चुकलेल्या, जखमी झालेल्या किंवा पुरामुळे अडकलेल्या माणसाने आपला ठावठिकाणा इतरांना कळावा म्हणून आवाज, उजेड, धूर किंवा जमिनीवरील खुणा यांनी दिलेली सूचना. खानदेशात तिची गरज मुख्यतः उत्तरेकडील सातपुड्यात व दक्षिणेकडील सातमाळा-अजिंठा रांगेत भासते.

संकेत नुसता मोठा असून भागत नाही. तो नेहमीच्या आवाजांहून आणि उजेडांहून वेगळा उमटावा लागतो. गुराख्यांच्या हाळ्या आणि होळीच्या दिवसांत रात्रभर घुमणारे ढोल ज्या डोंगरांना सवयीचे आहेत, तेथे एकट्या आरोळीकडे कोणी वळून पाहीलच असे नाही. म्हणून गिर्यारोहकांच्या आंतरराष्ट्रीय प्रघातात एका मिनिटात सहा शिट्ट्या, नंतर एक मिनिट शांतता आणि पुन्हा सहा शिट्ट्या, असा क्रम ठरला आहे. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचे असते. मधली शांतता उत्तर ऐकण्यासाठी असते आणि घाबरलेला माणूस नेमकी तीच विसरतो. ओरडून घसा लवकर बसतो, शिट्टीला मात्र श्वास पुरतो. तरी पावसाळ्यात भरून वाहणाऱ्या नाल्याकाठी तीही फारशी ऐकू जात नाही.

रात्री विजेरीने तीन आखूड, तीन लांब व तीन आखूड झोत देतात. १९०६ साली बर्लिन येथील परिषदेत मान्य झालेला हा बिनतारी संकेत पुढे प्रकाशासाठीही रूढ झाला. दिवाळीत अस्तंभा डोंगरावर यात्रेकरू रात्रीही चढत असतात आणि वाट चुकलेल्यांना तेथे अश्वत्थामा मार्ग दाखवतो, अशी श्रद्धा आहे. त्या गर्दीत मात्र स्थिर विजेरी ही आणखी एक विजेरीच ठरते.

स्वच्छ उन्हात आरसा फार प्रभावी असतो. सूर्यबिंब सुमारे अर्ध्या अंशाचे दिसत असल्याने सपाट आरशाची तिरीप एक किलोमीटरवर जेमतेम नऊ मीटर रुंद पसरते. म्हणून हात लांब करून दोन बोटांच्या बेचक्यात लक्ष्य धरतात आणि तिरीप त्या बोटांवरून फिरवतात.

धुरासाठी पेटत्या शेकोटीवर ओला पाला टाकतात. परंतु सागाची पानगळ झाल्यावर, वाळलेल्या गवतात, हा उपाय जिवावर बेतू शकतो; शिवाय राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. वणव्याच्या मोसमात शिट्टी व आरसा यांवरच भिस्त ठेवणे शहाणपणाचे.

विमानातून दिसावी म्हणून जमिनीवर किमान अडीच मीटरची खूण करतात : ‘व्ही’ म्हणजे मदत हवी, ‘एक्स’ म्हणजे वैद्यकीय मदत हवी. पावसाळ्यातील दाट पानोऱ्याखाली ती वरून दिसत नाही. पायी शोध घेणाऱ्या गावकऱ्यांना व वनरक्षकांना गेलेल्या दिशेचा दगडी बाण अधिक उपयोगी पडतो.

भ्रमणध्वनीवरून ११२ हा क्रमांक लावता येतो. खोल दरीत संपर्क मिळत नसल्यास, चालता येत असेल तर, जवळच्या सोंडेवर चढून पुन्हा प्रयत्न करतात. बोलणे होत नाही अशा क्षीण संपर्कातही कधीकधी लघुसंदेश पोहोचतो.